ब्रेक ऑइल फुल, तरी लाल दिवा पेटतोच: सेन्सरच्या वायरिंगमधला दोष कसा शोधायचा

सोलापुरात विजापूर रोडला राहणारे एक सर आहेत, शाळेत गणित शिकवतात. त्यांची नऊ वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी. मार्च महिन्यात त्यांच्या डॅशबोर्डच्या मीटरवर ब्रेकचा लाल दिवा पेटायला लागला. पेटायचा, दहा-पंधरा मिनिटांनी आपला आपण विझायचा. ज्या गॅरेजला ते नेहमी जातात तिथं आधी ब्रेक ऑइलची डबी, ऑइल कमी झालं की दिवा पेटवणाऱ्या सेन्सरसकट, बदलली. आठ दिवस ठीक, परत दिवा. मग कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लग, साफ करून बसवला. दहा दिवस ठीक, परत दिवा. तिसऱ्या वेळी तिथल्या पोरानं सरळ कपलर उपसला, टेप गुंडाळून बाजूला अडकवून ठेवला आणि सांगितलं, "सर, आता पेटणार नाही. ब्रेक चांगला लागतोय ना? मग बिनधास्त फिरवा."

सर त्याच गाडीतून घरच्या मंडळींना घेऊन तुळजापूरला जाऊन आले. येताना घाट उतरून आले. आणि दोन दिवसांनी, कपलर काढलेला असताना, दिवा पुन्हा पेटला. तेव्हा ते माझ्याकडे आले.

त्यांचं सगळं बोलणं ऐकायच्या आधी मी बॉनेट उघडून कपलर जागेवर लावला. मी अक्कलकोट रोडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. या एका दिव्याच्या बाबतीत मी फार कडक आहे, ते का, हे नीट सांगतो. ऑइल गळायला लागलं तर पॅडल लगेच खाली जात नाही. डबीत ऑइल आहे तोवर ब्रेक अगदी पहिल्यासारखा लागतो. डबी रिकामी होऊन मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पॅडलच्या जोरानं ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलेंडरमध्ये, हवा शिरली की पॅडल एकदम फुसकं होतं. या दोन्हींच्या मधल्या काळात ड्रायव्हरला सावध करणारी गाडीत एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हा दिवा. कपलर काढून ठेवणं म्हणजे तेवढा वेळ काढून घेणं. दिवा खोटा बोलतोय असं वाटलं तर खोटं का बोलतोय ते शोधायचं. ते शोधणं अवघड नाही. बऱ्याचदा एक साधा मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि अर्धा तास पुरतो.

आधी ऑइल, मग वायर

दिवा पेटला की पहिल्यांदा तो खरा आहे असं धरूनच चालायचं. गाडी सपाट जागेवर लावा, उतारावर नको, आणि डबीवरच्या मॅक्स आणि मिन या दोन रेघांच्या मध्ये ऑइल कुठं आहे ते बघा. डबी जुनी पिवळी पडलेली असेल तर बाहेरून फसगत होते, आतल्या बाजूला चढलेला डाग ऑइलच्या पातळीसारखा दिसतो. मागून मोबाईलचा टॉर्च धरा आणि गाडी थोडी हलवा. हलते ती खरी पातळी.

ऑइल मिनच्या आसपास असेल तर वळणावर, खड्ड्यात, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चढावर दिवा पेटणार आणि सपाटीला विझणार. हा वायरिंगचा दोष नाही, सेन्सर आपलं काम करतोय. पण लगेच बाटली उघडून ओतू नका. ब्रेक पॅड झिजत गेले की पॅड दाबणारा कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो, त्याच्यामागची जागा ऑइलनं भरते आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे वर्ष-दोन वर्षांत पातळी सावकाश उतरली असेल तर आधी चाकं काढून पॅड आणि मागचे लायनर बघा. नुसतं ऑइल भरून ठेवलं तर पॅड झिजल्याची खूण बुजते, आणि पुढं नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की डबी भरून वाहते. ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग उकलतो, हे ज्याच्या गाडीच्या फेंडरवर झालंय त्याला सांगायला नको.

पातळी आठ-पंधरा दिवसांत उतरत असेल तर ती गळतीच. मागच्या ड्रमच्या आतला व्हील सिलेंडर, चाकाजवळचे रबरी होज, पाइपांचे जोड, आणि मास्टर सिलेंडरचं मागचं सील ही गळतीची ठिकाणं. शेवटची गळती बाहेर दिसत नाही, ऑइल बूस्टरच्या, म्हणजे पॅडल हलकं करणाऱ्या मोठ्या डब्याच्या, पोटात जातं. आणि एक जागा अशी, जी चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांच्या नजरेतून सुटते: ज्या गाड्यांत क्लच ऑइलवर चालतो, त्यातल्या कितीतरी गाड्यांत क्लचला ऑइल याच डबीतून जातं. ब्रेक एकदम मजबूत, चारही चाकं कोरडी, तरी ऑइल कमी होतंय, तर क्लच पॅडलच्या मुळाशी पायदानावर आणि खाली गिअरबॉक्सजवळच्या क्लच सिलेंडरवर हात फिरवा. बोटाला ओल लागली की मिळालं.

ऑइल भरायची वेळ आलीच तर झाकणावर जे लिहिलंय तेच. डॉट ३ आणि डॉट ४ हे एकाच कुळातले, डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात कधीही मिसळू नका. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं कोरडं डॉट ४ कमीत कमी २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. म्हणून दोन वर्षांनी बदलतात, आणि म्हणूनच वर्षभर फडताळात पडलेली अर्धी बाटली मी वापरत नाही.

हँडब्रेकचा स्विच

बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलचा आणि हँडब्रेकचा दिवा एकच असतो. त्यामुळे सेन्सरवर संशय घ्यायच्या आधी हँडब्रेकच्या दांडीच्या बुडातला छोटा स्विच तपासा. दांडी पूर्ण खाली गेल्यावर तो दाबला जाऊन सुटा व्हायला हवा. आपल्याकडची धूळ, गाडीत सांडलेला चहा, केबल ढिली झाल्यामुळे दांडी शेवटपर्यंत न बसणं, यातलं काहीही पुरतं. दांडी खाली असताना ती जरा आणखी खाली दाबून बघा. दिवा विझला की सेन्सरला हात लावायची गरजच नाही. खात्री नसेल तर कव्हर काढून स्विचची पिन सोडवा. माझ्याकडे "सेन्सर गेलाय" म्हणून येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच इथंच मोकळ्या होतात.

लाल दिव्याबरोबर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवाही पेटला असेल तर ही वाट सोडा. ते एबीएसचं प्रकरण असू शकतं, त्यात मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून असलेली व्यवस्थाही बंद पडलेली असते, त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, लावावं लागतं आणि तोवर गाडी जपून चालवावी लागते. काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटर बिघडला की बॅटरीच्या दिव्याबरोबर ब्रेकचा दिवाही मंद पेटतो. दोन दिवे एकदम मंद दिसले तर आधी चार्जिंग मोजा.

सेन्सर आतून कसा असतो

हे कळलं की पुढची सगळी तपासणी आपोआप समजते. डबीत एक तरंगणारा गट्टू असतो, आपण त्याला फ्लोट म्हणतो. त्याच्या पोटात छोटं लोहचुंबक. डबीच्या तळाशी किंवा झाकणाच्या दांडीत काचेची एक बारीक नळी, तिच्यात लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. ऑइल उतरलं की फ्लोट खाली येतो, चुंबक नळीजवळ येतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि सर्किट पूर्ण होऊन दिवा पेटतो. ऑइल वर गेलं की चुंबक लांब, पट्ट्या सुट्या, दिवा बंद. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९३६ च्या सुमारास तो तयार झाला आणि पुढं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लाखो वेळा उघडझाप करत राबला. काचेत बंद असल्यामुळे त्याला गंज नाही, धूळ नाही. सांगायचा मुद्दा हा, की तो सहजासहजी मरत नाही. तरीसुद्धा दिवा पेटला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते आणि गिऱ्हाइकाचे डबीचे पैसे जातात.

त्यापेक्षा फ्लोट जास्त दगा देतो. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या डबीत तळाला काळा चिकट गाळ बसतो, फ्लोट त्यात अडकतो आणि वर येतच नाही. कधी फ्लोटला बारीक चीर जाऊन त्यात ऑइल शिरतं, तो जड होऊन बुडतो. अडकलेला फ्लोट ओळखायला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं डबीवर हलके दोन-तीन टकटक करा. दिवा लगेच विझला तर डबी काढून स्वच्छ करा, आणि धुवायला पेट्रोल किंवा डिझेल अजिबात नको, ब्रेकची रबरं फुगतात. ब्रेक ऑइलनंच धुवा.

कपलर काढून काय कळतं

आता खरी तपासणी. ऑइल मॅक्सला, हँडब्रेक खाली, चावी ऑन, दिवा पेटलेला. डबीवरचा दोन पिनांचा कपलर काढा.

वर सांगितलेल्या प्रकारच्या गाडीत दिवा विझला तर दोष डबीच्या बाजूला: सेन्सर किंवा फ्लोट. दिवा पेटलेलाच राहिला तर डबी निर्दोष. मग कपलरपासून मीटरपर्यंतची वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय, किंवा हँडब्रेकचा स्विच, किंवा क्वचित मीटरच. एका झटक्यात सर्किटचे दोन भाग होतात आणि अर्धा भाग सुटतो. मी तर मुलांना सांगतो, नवी डबी मागवायच्या आधी एवढं एक करा.

पण एक खबरदारी. काही गाड्यांत उलटं असतं: ऑइल भरलेलं असताना सर्किट जोडलेलं आणि कमी झालं की तुटलेलं. तिथं कपलर काढला की दिवा पेटणारच. काहींत सेन्सरच्या आत रेझिस्टन्स घातलेला असतो, म्हणजे वायर तुटली तरी गाडीच्या कॉम्प्युटरला ते समजावं. म्हणून एक चाचणी पुरेशी नाही, दुसरीही करा: कपलरच्या वायरिंगकडच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडा. काढल्यावर विझणारा आणि जोडल्यावर पेटणारा दिवा म्हणजे साधा प्रकार. उलट झालं तर उलटा प्रकार. रेझिस्टन्सवाली गाडी नसेल आणि दोन्ही वेळा काहीच फरक पडला नाही तर वायरिंगमध्ये दोष. हा तुकडा फक्त चाचणीपुरता. उलट्या प्रकारच्या एका गाडीत कुणीतरी कपलरमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा घालून वर टेप मारलेला मी पाहिलाय, ऑइल संपलं असतं तरी तो दिवा कधी पेटला नसता.

सेन्सर एकटा तपासायचा तर मल्टीमीटर बीपवर ठेवून (सर्किट जोडलेलं असलं की तो वाजतो) सेन्सरच्या दोन पिनांना लावा. साध्या प्रकारात डबी भरलेली असताना बीप नको, फ्लोट खाली गेल्यावर बीप हवा. फ्लोट खाली कसा न्यायचा? झाकणातला सेन्सर असेल तर झाकण उचला, फ्लोट लोंबकळतो. डबीच्या तळातला असेल तर ऑइल उपसायची गरज नाही. जुन्या स्पीकरचं किंवा फ्रिजवर चिकटवतात तसलं ताकदीचं छोटं चुंबक घ्या आणि डबीच्या बुडाशी, जिथं सेन्सर आहे तिथं बाहेरून फिरवा. पट्ट्या चिकटल्या की बीप येतो, चुंबक नेलं की बंद. माझ्या खणात दहा रुपयाच्या नाण्याएवढं एक चुंबक कायम असतं. या एका चुंबकानं कितीतरी चांगल्या डब्या भंगारात जायच्या वाचल्या आहेत.

पुढं वायर. कपलर काढलेला, चावी ऑन, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक सिग्नलच्या, म्हणजे दिव्याकडे जाणाऱ्या वायरच्या, पिनला. गाडीप्रमाणे १२ व्होल्टच्या आसपास किंवा ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. शून्य आले तर वायर तुटलीय किंवा बॉडीला लागलीय. तुटली की लागली हे बॅटरी सोडून आणि डॅशबोर्डच्या मीटरचा फ्यूज काढून बीपवर बघा: सिग्नल पिन ते बॉडी बीप आला तर टेकलीय. ही चाचणी करताना हँडब्रेकच्या स्विचची पिन काढायला विसरू नका. बऱ्याच गाड्यांत दोघांची वायर एकच असते आणि तो स्विच जोडलेला असला तर खोटा बीप देतो.

दुसरी पिन अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेल्या वायरची. इथं मल्टीमीटरवर पूर्ण विसंबू नका. गंजलेल्या अर्थमधूनही मल्टीमीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण तो जवळजवळ करंटच घेत नाही. १२ व्होल्टचा बल्बचा टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं त्या अर्थ पिनला. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ चांगली. मंद पेटला तर बॉडीवर जिथं अर्थचा नट आहे तो सोडून रंग आणि गंज घासून पुन्हा आवळा. लॅम्प पेटलेला असतानाच अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह मोजलं तर ०.१ व्होल्टच्या वर जायला नको. बल्बचा टेस्ट लॅम्प सिग्नलच्या पिनला मात्र कधीही लावू नका, ५ व्होल्टच्या गाडीत कॉम्प्युटरचं नुकसान होऊ शकतं.

अर्थकडे मी इतकं लक्ष देतो, कारण साध्या प्रकारात अर्थ गेली की दिवा पेटत नाही. कुणी तक्रार घेऊन येत नाही. गाडी शांत असते. सतत पेटणारा दिवा माणसाला गॅरेजपर्यंत आणतो, न पेटणारा कुणाला कळत नाही. त्यामुळे मी सर्व्हिसिंगच्या गाडीतही एकदा चुंबक फिरवून दिवा पेटतो का ते बघतो, तक्रार असो नसो.

आपल्या भागात हे का होतं

सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, गाड्या धुतल्या जातात त्या बोअरच्या पाण्यानं. ते जड पाणी प्रेशरनं बॉनेटखाली मारलं की कपलरमध्ये शिरतं, वाळतं आणि पिनांवर पांढरा थर बसतो. परतीच्या पावसाच्या ओलीनंतर पिनाही हिरव्या पडतात. दोन पिनांच्या मध्ये तो थर ओला झाला की थोडा करंट पळतो, आणि कॉम्प्युटरच्या गाडीत तेवढ्यानं दिवा पेटतो. ओळख सोपी: धुतल्यावर पेटतो, उन्हात उभी केली की विझतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दातांच्या जुन्या ब्रशनं घासा, वाऱ्यानं वाळवा, आणि कपलरच्या तोंडाचं रबर जागेवर आहे का बघा. ते रबर हरवलेलं असेल तर साफसफाई महिनाभर टिकते.

ऊन हे दुसरं. मे महिन्यात इथं ४२-४३ अंश ही नेहमीची गोष्ट, बॉनेटखाली त्याच्याहून कितीतरी जास्त. वायरवरचं प्लास्टिक दुपारी मऊ पडतं आणि काही वर्षांनी कडक होऊन तडकतं. कपलरची कडी इतकी ठिसूळ होते की काढतानाच मोडते, आणि मग कपलर नुसता अडकून राहतो, हादऱ्यानं सुटतो.

तिसरे उंदीर. गेल्या वर्षी एमआयडीसीतून एक टेम्पो आला, टॉवेलचे गठ्ठे वाहणारा. मास्टर सिलेंडरच्या मागं, उबेच्या जागी, पांढऱ्या सुताचं पद्धतशीर घरटं. माझ्याकडे पूर्व भागातलं एक हुशार पोरगं शिकायला आहे, त्यानं चिमट्यानं ते धागे काढले तेव्हा खाली सेन्सरच्या दोन वायरी दिसल्या, दोन्ही कुरतडलेल्या, तांबं एकमेकाला टेकलेलं. सुताच्या तुकड्यांनी ओल धरून ठेवली होती, त्यामुळे तांबं हिरवं-काळं. अशी वायर वरून टेप मारून चालत नाही. काळं पडलेलं तांबं पार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापावं लागतं.

सरांच्या गाडीत काय निघालं

आता परत त्या गाडीकडे. कपलर काढलेला असतानाही दिवा पेटला, या एका गोष्टीनं सेन्सर, फ्लोट आणि डबी तिघंही सुटले. नवी डबी टाकायची गरजच नव्हती. दोष वायरमध्ये. पण गाडी माझ्यासमोर उभी होती आणि दिवा बंद. चावी ऑन केली, नेहमीसारखा तीन सेकंद पेटला, विझला. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, एसी लावला, काही नाही. सगळ्यात वैताग आणणारा दोष असा असतो, मिस्त्रीसमोर लाजणारा.

मी विचारलं, "सर, नेमका कधी पेटतो, काही लक्षात येतं का?"

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. तारीख, वेळ, जागा, रकाने पाडून लिहिलेलं. मी वाचत गेलो. बहुतेक नोंदी दुपारी बारा ते चारच्या. सकाळी शाळेत जाताना एकही नाही. आणि जागेच्या रकान्यात गतिरोधक, खड्डा, गतिरोधक. म्हणजे ऊन आणि हादरा दोन्ही लागत होते. मी दुसरं विचारलं, "मार्चच्या आधी गाडीत काय काम झालं?"

"काही नाही ओ. बॅटरी तेवढी बदलली, फेब्रुवारीत."

हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा. वायर आपली आपण क्वचितच बिघडते, बहुधा तिच्या शेजारी कुणीतरी काहीतरी उघडलेलं असतं. या गाडीत बॅटरी आणि ऑइलची डबी एकाच बाजूला. बॅटरीची पट्टी बघितली तर ती मूळची नव्हती. नवी बॅटरी थोडी उंच होती म्हणून लांब बोल्ट टाकला होता आणि त्याचं टोक ट्रेच्या खाली दोन बोटं बाहेर आलं होतं.

बॅटरीच्या वायरी सोडल्या, मीटरचा फ्यूज आणि हँडब्रेकची पिन काढली, मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक सिग्नल पिनला आणि दुसरं बॉडीला. पोराला डबीपासून सुरुवात करून वायरिंगचा जुडगा एक-एक वीत हलवत, दाबत पुढं जायला सांगितलं. डबीपाशी काही नाही. बूस्टरच्या बाजूला काही नाही. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि त्यानं जुडगा वर दाबला, तसा बीप. सोडला, बंद. दाबला, बीप. ट्रे काढली. जुडग्याच्या काळ्या टेपला बोल्टच्या टोकानं भोक पाडलं होतं आणि आतल्या एका वायरवर तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं. बोल्टच्या टोकावरही एक चकचकीत बिंदू, तिथंच घासून घासून उजळलेला. दुपारी प्लास्टिक मऊ पडलं, खड्ड्यात ट्रे खाली दबली, की टेकायचं. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस बरं का वाटायचं तेही कळलं: डबी बदलताना, कपलर साफ करताना, काढताना जुडगा ओढला जायचा आणि उघडी जागा बोल्टपासून जरा सरकायची. हादऱ्यांनी हळूहळू परत जागेवर यायची. त्या गॅरेजवाल्यांना दर वेळी वाटलं आपण दुरुस्त केलं. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना तसं दिसत होतं. म्हणून हात लावल्यावर दिवा विझला तर आनंद मानू नका, कशाला हात लावला तेव्हा विझला ते लिहून ठेवा आणि पुन्हा पेटवून दाखवता येतो का बघा.

वायरचे काही तंतू तुटले होते, त्यामुळे तेवढा तुकडा कापला. पीळ देऊन सोल्डर केलं, गरम केल्यावर आवळणारी आणि आतून डिंक सुटणारी स्लीव्ह चढवली, वर कापडी टेप, त्यावर प्लास्टिकची स्लीव्ह. जुडगा ट्रेपासून बाजूला घेऊन मूळ क्लिपेत बसवला. लांब बोल्ट काढून मापाचा टाकला. नुसती टेप मारून बोल्ट तसाच ठेवला असता तर पुढच्या मे महिन्यात सर परत आले असते.

स्कॅनरबद्दल सर विचारत होते, आधीच का नाही लावला. लावून दाखवला, दोषाचा कोड काहीच नव्हता. त्यांच्या गाडीत सेन्सरची वायर थेट मीटरला जाते, एबीएसच्या कॉम्प्युटरला ती ठाऊकच नाही. नव्या गाड्यांत कोड मिळतो, पण तोही "ब्रेक फ्लुइड लेव्हल सेन्सर सर्किट" एवढंच सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, दोन वायरी, अर्थ आणि मीटर, सगळं आलं. कोडमध्ये सेन्सर हा शब्द वाचून सेन्सर मागवू नका.

सगळं जोडून झालं. दुपारचे अडीच वाजले होते, गाडी मुद्दाम उन्हातच उभी केली होती. होटगी रोडनं जाऊन-येऊन एक फेरी मारली, एकही गतिरोधक सावकाश न घेता. दिवा बंद. बऱ्याच ठिकाणी काम इथं संपतं, गाडी देऊन टाकतात. मी सरांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, चावी ऑन करायला सांगितली, हँडब्रेक खाली. तीन सेकंदांनी दिवे विझले. मग मी डबीच्या बुडाशी चुंबक धरलं.

"पेटला," सर आतून म्हणाले.

चुंबक काढलं.

"विझला."

"आणखी एकदा बघा सर," म्हणून मी ते परत धरलं.